मामांचा खुबा

आमच्या मेडिकल कॉलेजच्या डिसेक्शन हॉलमध्ये मी, कडुबा, पोरांचा मामा, अठ्ठावीस वर्षं शिपाई आहे. देह टेबलावर चढवायचे, उतरवायचे, फॉर्मॅलिनचा वास अंगाला लावून हर्सूलला घरी जायचं आणि तोंडी परीक्षेत पोरांना वाचवायचं. हे शेवटचं काम माझ्या नेमणुकीच्या कागदावर नाही. परीक्षकाच्या पाठीमागं उभं राहायचं आणि विचारलेली जागा आपल्या अंगावर खाजवायची. खांदा, कोपर, पोटरी, काहीही. ऐकून ऐकून निम्मं पुस्तक मला पाठ आहे. डॉक्टरांपेक्षा मला जास्त कळतं, असं मी टपरीवर छातीठोक सांगतो.

यंदा सोयगावची अमृता दुसऱ्यांदा बसली होती. घाबरली की पोरीची वाचाच बसते. मागच्या वेळी तोंडीतच नापास झाली. आता पुन्हा तेच झालं तर बॅच सुटणार, वर्ष वाया जाणार. सकाळीच डोळे पुसत आली.

"रडती कशाला? मी हाय की," मी म्हणालो. "तू नुसतं माझ्याकडं बघ."

परीक्षक सुलेखा मॅडम बाहेरगावच्या. त्यांनी पालथ्या ठेवलेल्या देहाच्या खुब्यात चिमटा टेकवला. "हा कोणता स्नायू?"

मी मान लांब केली. पिरिफॉर्मिस! खुब्यात खोल दडलेला, त्याच्या खालून पायाची मोठी सायटिक नस बाहेर पडते. आता ही जागा दाखवायची म्हणजे ढुंगण खाजवणं आलं. लाज सोडली आणि खाजवलं.

"ग्लुटियस मॅक्सिमस," अमृता पुटपुटली.

"तो वरचा मोठा स्नायू तर कापून बाजूला केलाय ना?"

खोल आहे, हे खाजवून कसं सांगणार? मी अंगठा रोवला आणि जोर लावला. तेवढ्यात मॅडम गर्रकन वळल्या. "काय होतंय तुम्हाला?"

"दुखतंय, मॅडम. हितून पार टाचंपर्यंत कळ जाती. बसलं की लई."

मॅडमचा चेहरा खुलला. "अरे वा! अमृता, मामांना तपास. काय झालंय ते सांगितलंस की पास."

मी शेजारच्या रिकाम्या स्टीलच्या टेबलावर उताणा झालो. पाठीला गार लागत होतं, पण मनात गुदगुल्या होत होत्या. पिरिफॉर्मिस मांडी बाहेर फिरवतो, हे मला तोंडपाठ. योग्य वेळी बोंबललं की काम फत्ते.

अमृतानं माझा पाय सरळ ठेवून आत वळवला. मी पंखा बघत राहिलो. मग बाहेर वळवला.

"आई गं! मेलो, मेलो!"

अमृता थबकली. मी हळूच मान हलवली, बोल आता म्हणून. ती लाल झाली. मग खणखणीत आवाजात बोलली.

"मॅडम, मामांना काही झालेलं नाही."

मी टेबलावर कोपर टेकून अर्धा उठलो.

"पिरिफॉर्मिसनं नस दाबली असती तर पाय आत वळवताना स्नायू ताणला जाऊन दुखलं असतं. तेव्हा मामा पंखा बघत होते. बाहेर वळवला की तो सैल पडतो, आणि तेव्हाच ते ओरडले." मग म्हणाली, "माझ्यासाठी नाटक केलं त्यांनी. त्यांची तक्रार नका करू."

"आणि मघाचा स्नायू?"

"तोच, मॅडम. पिरिफॉर्मिस. माकडहाडाच्या वरच्या सेक्रमपासून निघतो आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या बाहेरच्या उंचवट्याला चिकटतो."

मला तिचा राग आला. आणि रागापेक्षा जास्त अभिमान वाटला. माझ्याकडं न बघता बोलत होती पोरगी!

मॅडमनी मार्क लिहिले. "पास. उतरा, मामा. किती वर्षं खाजवताय?"

"अठ्ठावीस."

मॅडम हसल्या आणि पुढच्या टेबलाकडं गेल्या. मला मात्र उतरवेना. एवढ्या वर्षांत मी कुठं कुठं चुकीचं खाजवलं असेल, आणि ते ते डॉक्टर आता कुठल्या गावी दवाखाना टाकून बसले असतील?