कांडीवरचे ओरखडे

प्रयोगशाळेत तिला सगळे वहिनी म्हणत. नवऱ्याबरोबरच शिकलेली, डिग्री त्याच्याइतकीच. पण तो डॉक्टरसाहेब आणि ही वहिनी. चालायचंच!

नवऱ्याचं नाव झालं होतं ते त्याच्या कॅटॅलिस्टमुळे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थामुळे. मोठ्या रेणूत कार्बन-हायड्रोजनचे बंध ढिगाने असतात, आणि एकजात हट्टी. त्यातल्या नेमक्या एका जागी ऑक्सिजन बसवायचा आणि बाकीच्यांना धक्का लावायचा नाही, हे भल्याभल्यांना जमत नाही. नवऱ्याने बनवलेली ती पूड चिमूटभर घातली की जमायचं. निदान त्याच्या हातून जमायचं. तिच्या हातून ऑक्सिजन वाट्टेल तिथे बसायचा आणि तळाशी तपकिरी चिकट लगदा उरायचा.

प्रयोगशाळेच्या मुख्य सरांनी तिला बजावलं होतं, की महिनाअखेरच्या मीटिंगपर्यंत जमलं नाही तर तिचं टेबल काढून घेऊ. टेबल गेलं की संशोधन संपलं. सासूबाईंनी तर फोनवर निकालच लावला: काही हातांना यशच नसतं, त्याला कोण काय करणार? मनावर घेऊ नकोस, असं नवरा हसत म्हणाला. त्याला हसायला काय जातंय!

आता ही बाई पडली टापटिपीची. फ्लास्कमधलं मिश्रण ढवळायला आत चुंबकाची छोटी पांढरी कांडी टाकतात; ती दर वेळी नवी कोरी घ्यायची. नवरा मात्र आपली जुनीच वापरायचा, ओरखडे पडून करडी झालेली. ती म्हणे लाभते! विज्ञानवाल्यांच्या अंधश्रद्धा काय कमी असतात? एका सकाळी नव्या कांड्या संपल्या म्हणून तिने त्याचीच उचलली. दुपारी बघते तर लगद्याचा पत्ता नाही, आणि ऑक्सिजन बरोब्बर हव्या त्या कार्बनवर.

दुसरी एखादी नाचली असती. हिला शंका आली. तिने पुन्हा फ्लास्क लावला, जुनी कांडी टाकली आणि नवऱ्याचा कॅटॅलिस्ट घातलाच नाही. तरी जमलं. म्हणजे सगळी करामत त्या ओरखड्यांत अडकून बसलेल्या, कुठल्याशा जुन्या प्रयोगातल्या धातूची. कॅटॅलिस्ट नुसता शोभेला.

सरांकडे थेट गेली असती तर टेबल वाचलं असतं. पण नवऱ्याची अब्रू चव्हाट्यावर आली असती, आणि संसार तर त्याच्याशीच करायचा होता. म्हणून तिने आधी घरी जेवताना त्याला सांगितलं. त्याचं तोंड उतरलं. ताट बाजूला सारत म्हणाला, मीटिंगमध्ये मीच बोलतो, माझ्या तोंडून आलेलं बरं. तिला त्याचा अभिमान वाटला. भोळी बाई.

मीटिंगमध्ये तो बोलला, आणि छान बोलला. मला शंका होतीच, म्हणाला, म्हणून मी कांडी बदलून पाहिली, मी कॅटॅलिस्ट काढून पाहिला. मी, मी, मी! ती समोरच बसलेली. भरल्या सभेत नवऱ्याला खोटं पाडायचं काळीज तिच्याकडे नव्हतं. स्वतःची चूक स्वतः शोधणारा माणूस आज पाहिला, असं म्हणत सरांनी त्याची पाठ थोपटली, त्या धातूवरचं नवं काम त्यालाच दिलं, आणि कामाला जागा हवी म्हणून वहिनींचं टेबलही. वहिनींना इतके दिवस का जमत नव्हतं ते आता उघड झालं होतं, पण ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

घरी आल्यावर तो खुशीत होता.

"अगं, कोणी सांगितलं याने काय फरक पडतो? श्रेय घरातच राहिलं ना? आणि मी सरांकडे एक मदतनीस मागितलाय. तुझंच नाव दिलंय."

"मीटिंगमध्ये माझं नाव घ्यायला तुझी जीभ रेटली नाही," ती म्हणाली. "मदतनीस म्हणून बरं आठवलं."

त्याने हळूच विचारलं, सोमवारपासून येशील ना?

दुसरं टेबल तिला कोण देणार होतं? ती हो म्हणाली.