टबात उतरलेलं विष

"उतरलं! विष उतरलं!" हॉलमध्ये एकच गलका झाला. टबातलं नितळ पाणी बघता बघता चहासारखं तपकिरी झालं होतं, आणि त्यात माझ्या ताईचे पाय होते.

ताई शिवणकाम करायची. कॅन्सरवर केमो चालू होती. गेल्या तपासणीत किडन्यांवर ताण आल्याचं निघालं आणि भावजींचं धाबं दणाणलं. कुणीतरी सांगितलं म्हणून ते तिला दोन दिवसांपासून या पाणीबाबाकडे आणत होते. मला कळून मी हॉलवर पोचले तेव्हा तिचे पाय टबात होते.

"डॉक्टर स्वतःच सांगतात ना, औषध किडनी खातं?" बाबाने माइक तोंडाशी धरला. "तेच जहर मी तळपायातून खेचतो! पाणी मात्र घोटभरच प्यायचं. आणि सलाईन? ते तर जहराला खतपाणी!"

टाळ्या पडल्या. मी विज्ञान शिकवते, तरी मीही डळमळले. कारण त्याचं पहिलं वाक्य खरं होतं.

"छोटे, डोळ्यांपुढे अंधारी येतेय गं," ताई पुटपुटली आणि कलंडली. बाबाचं ऐकून दोन दिवस ती घोटभर पाण्यावरच होती; ओठ सुकून पांढरे पडले होते. आम्ही तिला उचलून बाकावर निजवलं, भावजींनी पाणी पाजलं. त्या धांदलीत माझं लक्ष टबाकडे गेलं. त्यात सोडलेलं बाबाचं विजेचं मशीन घरघरत होतं. पाय नव्हते, तरी पाणी आणखी गडद होत होतं.

"बाबा, आता कुणाचं विष उतरतंय?"

"तिचंच! मागे राहिलेलं!"

"मग पाणी बदला."

तो जागचा हलेना. मी मशीनचा प्लग काढला. भावजींनी टब उपडा केला, ताजं पाणी भरलं, बाबा दरवेळी टाकायचा तेच त्याच्या डब्यातलं मीठ टाकलं. मशीन पुन्हा लावलं. पाणी पिवळं झालं, मग तपकिरी. कुणाचा पाय आत नव्हता.

"मशीनच्या लोखंडी पट्ट्या, मीठ आणि वीज," मी म्हणाले. "हा गंज आहे."

बाबाचं उत्तर ऐकायला आम्ही थांबलो नाही. ताईला तडक हॉस्पिटलमध्ये नेलं.

सलाईन लावून झाल्यावर डॉक्टरांनी भावजींना समजावलं. "औषध शरीराबाहेर पडताना किडनीच्या पेशींत साचतं. तिथल्या तंतुकणिका, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे इवलेसे भाग, निकामी करतं. ऊर्जा तुटली की पेशी मरतात. म्हणून तर सलाईन देतो, औषध पातळ होऊन लवकर निघून जावं. पाणी तोडून तुम्ही उलटंच केलंत."

"वाचेल ना ती?"

"आज नाही सांगता येणार."

ती वाचली. किडन्या पूर्ववत झाल्या नाहीत, पण सावरल्या. डॉक्टरांनी औषध बदललं.

"घाबरलो होतो गं," भावजी म्हणाले.

"मीसुद्धा."

भीती कुणालाही वाटते, त्यात कमीपणा नाही. पण घाबरलात तरी प्रश्न विचारा, डॉक्टरांनाही आणि बाबालाही. ज्याला प्रश्न विचारलेला चालत नाही, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका.