एका रेषेतल्या तीन फासळ्या

एका प्रथिनापायी मी माझी उमेदीची वर्षं प्रयोगशाळेत घातली. गंमत म्हणजे ते सहसा कर्करोगाच्या पेशींवर नसतंच. गाठीला वेढून बसणाऱ्या, जखमेवर व्रण विणणाऱ्या शेजारच्या पेशींवर असतं. दादा त्याला माझा नवरा म्हणतो. म्हणू दे.

आईच्या स्कॅनमध्ये हेच प्रथिन चमकवून बघतात. या वेळी तीन फासळ्या चमकल्या.

"आजार उलटलेला दिसतोय," डॉक्टर म्हणाले. "केमो पुन्हा सुरू करावी लागेल."

मागच्या केमोत आई अर्धी झाली होती. मी पडद्याशी नाक लावलं. तिन्ही ठिपके एकाखाली एक, सरळ रेषेत. कर्करोग कधी इतका शिस्तीत बसतो का?

"डॉक्टर, हाड मोडून भरत असेल तरी हे असंच चमकतं. आई, पडली होतीस?"

"छे गं."

"कुठे आपटलीस?"

"नाही म्हटलं ना! डॉक्टर, तुम्ही औषध सुरू करा."

माझं डोकंच फिरलं. ज्या केमोच्या नावानं हिला मळमळायचं, ती ही बाई मागून घेतेय! मी दादाकडे पाहिलं. आईला उठवणं, बसवणं, आंघोळ घालणं, सगळं तोच करतो. तो खाली मान घालून बसला होता.

"मी पाडलं तिला," तो म्हणाला. "बाथरूममध्ये. कितीतरी रात्री झोप नव्हती. रागाच्या भरात हात सोडला, ती टबाच्या काठावर आदळली."

"आणि तोंड शिवून बसलास? लाज नाही वाटली?" मी ओरडले. "आणि आई, तू! याला वाचवायला विष टोचून घेणार होतीस?"

"हळू बोल," आई म्हणाली. "त्याला वाचवायला नाही गं. चारचौघांत त्याची शोभा झाली, तो वैतागून निघून गेला, तर मला कोण उचलणार? तू?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. 'हो, मी' एवढंच तर म्हणायचं होतं. तिघंही माझ्याकडे बघत होते. दादाच्या डोळ्यांत तर चक्क आशा होती.

मी पडद्याकडे वळले.

"डॉक्टर," मी म्हटलं, "आधी फासळ्यांचा साधा एक्स-रे काढून घेऊया."