पेटीत कोंडलेली धडधड

मित्रांनो, मी एक जुनं डिझेल इंजिन बोलतोय. अंगावरच्या हिरव्या रंगाचे पोपडे निघालेत, पण आवाज अजून खणखणीत आहे. माझं सगळं रामायण या आवाजामुळेच घडलं.

१९८१ साली मालवणजवळच्या तोंडवली गावातल्या सत्यवानने मला आपल्या शिडाच्या छोट्या होडीत बसवलं. त्याच्या बायकोने, रुक्मिणीने, मला हळदकुंकू लावलं. वारा असेपर्यंत शीड मिरवायचं. वारा पडला, की माझी आठवण व्हायची. तोंडवलीची मासळी वेळेवर पोचते ती माझ्यामुळे, असं सत्यवान चारचौघांत सांगायचा आणि मी फुशारून आणखी धडधडायचो.

तीच फुशारकी नडली. आमच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली खडप, म्हणजे खडकांचा पट्टा, आहे. होडी आत घेताना सत्यवानचा मेहुणा शंकर पुढे नाळेवर, होडीच्या टोकाला, उभा राहून खडक कुठे ते ओरडून सांगायचा आणि सत्यवान मागे सुकाणू फिरवायचा. एका संध्याकाळी माझ्या आवाजात शंकरची हाक बुडाली. होडी खडपावर आदळली, फळी फुटली, पाणी आत आलं. दोघे कसेबसे वाचले.

तेव्हा रुक्मिणीने ठरवलं, की या इंजिनाचं तोंड बंद करायचं. सत्यवानने माझ्याभोवती फळ्यांची पेटी केली आणि आत काथ्या, जुन्या गोधड्या ठासल्या. हवेच्या भोकांतूनही आवाज येतो म्हणून ती बुजवली. हँडल फिरवण्यापुरती एक खाच तेवढी राहिली. नारळी पौर्णिमेला सत्यवानच्या आईने, यशोदेने, झाकणावर मानाचा नारळ बांधला आणि बजावलं, "ह्यो नारळ दिवाळीपर्यंत कोणी हलवचो नाय." मग झाकण कोण उघडणार?

आवाज कमी झाला, हे खरं. शंकरची हाक स्वच्छ ऐकू येऊ लागली आणि सगळे खूष झाले. मी मात्र अंधारात माझीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत होतो. मित्रांनो, तोंडावर उशी दाबून तुम्हाला पळायला सांगितलं, तर किती पळाल? मी काळा धूर ओकू लागलो. सत्यवानला वाटलं, डिझेलच खराब आलं. मला भीती वाटायची आणि त्या नारळाचा रागही यायचा.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी वारा एकदम पडला. लाटा होडीला खडपाकडे लोटू लागल्या. "उजवीकडे खडाप आसा, डावीकडे घे," शंकर ओरडला. सत्यवानने शब्द न् शब्द ऐकला, सुकाणूही फिरवलं. पण माझ्यात होडी ओढायचं बळच उरलं नव्हतं. सत्यवानचा हात झाकणाकडे गेला आणि नारळावर थबकला.

शंकर धावत मागे आला. "ह्येचा तोंड बांधलंस आनि पळ म्हणतंस? ह्येका वारो व्हयो."

सत्यवानने नारळ कपाळाला लावला, समुद्रात सोडला आणि झाकण उचकटलं. मी छातीभर हवा ओढली आणि जन्मात ओरडलो नव्हतो इतका ओरडलो. शंकरने हातवारे करून वाट दाखवली. होडी खडपाला घासून बाहेर पडली.

नारळाचं कळल्यावर यशोदा रागावेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "दर्याचो नारळ दर्याक पावलो."

मग कुडाळहून भाई मिस्त्री आले. त्यांनी माझ्या ढिल्या पायांखाली रबर घातलं, होडी ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याचा दांडा माझ्याशी सरळ जुळवला, धुराच्या नळीला सायलेन्सर लावला. पेटीला दोन वळणांची पत्र्याची नळी बसवली. तिच्यातून हवा आत येई आणि आवाज वळणांवरच मंदावे. माझी धडधड निम्मी झाली आणि होडीचा वेग वाढला. ती माझी सगळ्यात सुखाची वर्षं.

आता १९८९ चा पावसाळा आहे. होडी किनाऱ्यावरच्या मांगरात, छपराखाली, ओढून ठेवली आहे आणि पेटीवर जाळ्यांचा ढीग पडला आहे. उंदीर शिरू नयेत म्हणून कोणीतरी माझ्या हवेच्या नळीत चिंध्यांचा बोळा कोंबला आहे. सत्यवानला आता कमी ऐकू येतं. येता-जाता तो झाकणावर मायेने हात ठेवतो आणि निघून जातो.

मित्रांनो, एखादं यंत्र किंवा घरातलं एखादं माणूस गप्प झालं, म्हणजे ते सुखात आहे असं समजू नका. एकदा झाकण उचलून बघा. नारळी पौर्णिमा परवावर आली आहे, मग होडी पुन्हा दर्यात जाईल आणि तो बोळा अजून तिथेच आहे.