लिंबू पिणारी डॉज

मंगळवारी सकाळी हर्सूलच्या जटवाडा रस्त्याला पाय ठेवायला जागा नव्हती. सिल्लोडहून जीप भरून माणसं आली होती, पैठणची मंडळी एसटीनं उतरली होती आणि प्रत्येकाच्या मुठीत एक लिंबू होतं. कारण आमची डॉज लिंबू पीत होती!

ही डॉज म्हणजे तीस वर्षं कडुनिंबाखाली कुजत पडलेली जुनी मोटार. मालकाची दोन मुलं वाटणीसाठी कोर्टात भांडत बसली आणि गाडी उन्हापावसात सडली. इंजिन चोरीला गेलं, त्या जागी बाभूळ उगवली, डिकीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. एवढ्या सुंदर गाडीवर कुणी साधी ताडपत्री टाकली नाही. मग मोटारनाथ महाराज नावाचा एक इसम उगवला, त्यानं तिला शेंदूर फासला, चाकांना लाल कापड नेसवलं आणि तेच दोघे भाऊ पहिल्या रांगेत मांडीला मांडी लावून बसू लागले.

"शंकराला नंदी, गणपतीला उंदीर आणि या कलियुगात मला डॉज!" महाराज गर्जायचे. "विचारा, बाळांनो! माझं वाहन खोटं बोलत नाही!"

नवी गाडी घेतली की चाकाखाली लिंबू ठेवून ती पुढं घ्यायची, ही आपली रीत. महाराजांनी त्यातच करामत केली होती. भक्तानं पुढच्या चाकाला टेकवून लिंबू ठेवायचं आणि प्रश्न विचारायचा. हलगी कडाडायची, एक चेला चाकाच्या कापडात हात घालून देवाचे पाय चेपायचा. गाडी तसूभर पुढं सरकायची नाही, तरी लिंबू चिरडायचं. चिरडलं तर होय, नाही तर नाही.

मी रत्नमाला, घरोघरी औषधपाण्याची विचारपूस करणारी इथली आशाताई. लोकांनी लिंबू कुठंही ठेवावं, मला काय त्याचं? पण त्याआधीच्या शनिवारी मी आवडाबाईंच्या घरी गेले, तर त्यांची नात अपेक्षा खोकत बसली होती. अठरा वर्षांची पोर, कॉलेजात जाते, टीबीच्या उपचाराचा तिसरा महिना चालू. आधीच्या मंगळवारपासून तिनं एकही गोळी घेतलेली नव्हती.

"आज्जीनं ट्रंकेत ठिवल्यात," ती खाली बघत म्हणाली.

"म्या डॉजला इचारलं, गोळ्या बंद करू का?" आवडाबाई आतून म्हणाल्या. "लिंबू पार चपटं झालं. गोळ्यांनी पोरीला मळमळतं. देवापेक्षा तू शहाणी हायेस व्हय गं?"

मी समजावलं, हात जोडले, शेवटी चिडलेही. गोळ्या मध्येच सोडल्या तर आजार औषधाला दाद देईनासा होतो, हे मी त्या घरात वीसदा सांगितलं असेल. पण लिंबापुढं माझं काय चालणार?

परतताना माझी स्कूटी पंक्चर झाली. सांडूमामाच्या दुकानात बसून मी सगळा राग त्यांच्यावर काढला. चाळीस वर्षं टायर काढणारा माणूस. ट्यूब पाण्यात धरून ते शांतपणे म्हणाले, "ताई, माझ्या दारातली मोटरसायकल महिनाभर हुभी राहिली तर तिची हवा जाती. तीस साल हुभ्या गाडीत हवा आली कुठून?"

एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी एकालाही सुचली नव्हती.

त्या मंगळवारी सांडूमामा माझ्याबरोबर हवेचा पंप आणि साबणाच्या पाण्याची बादली घेऊन आले. प्रश्न विचारला गेला, हलगी कडाडली आणि मामांनी पुढं होऊन हलगीवर पंजा ठेवला. एकदम शांतता झाली. चाकाकडून स्पष्ट आवाज आला. फुस्स्स!

"देव श्वास घेतोय!" महाराज ओरडले.

मामांनी कापड वर केलं. आत टायर कोरा करकरीत, चेल्याच्या बोटात काडेपेटीची काडी, ती व्हॉल्व्हच्या पिनीत खुपसलेली. वर साबणाचं पाणी पडताच बुडबुडे उसळले.

"महाराज, तुमच्या देवाला पंक्चर हाय," मामा म्हणाले.

गर्दीतून एक जण माझ्यावर खेकसला, "तू नको मधी पडू. तुम्ही बौद्ध, तुमच्यात देव मानत न्हाईत!"

"आमच्यात हवा मानतात," मी म्हणाले.

मामांनी पंपानं हवा भरली. गाडी सगळ्यांदेखत दोन बोटं वर आली. मग त्यांनी नवं लिंबू चाकाच्या पुढच्या फटीत घट्ट बसवलं आणि काडी गर्दीतल्या आवडाबाईंच्या हातात दिली. "मावशी, दाबा."

आवडाबाई खाली वाकल्या. त्यांनी पीन दाबली. हवा सुटली, टायर बसत गेला आणि लिंबू त्याखाली चपटं झालं. रस त्यांच्या पायाच्या बोटांवर आला. तोवर महाराज चेल्यासकट पसार झाले होते.

"मंग माझ्या पोरीच्या गोळ्या कुणी बंद केल्या?" त्यांनी मला विचारलं.

त्याच दुपारी आम्ही अपेक्षाला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी कागद पाहिले. "सात दिवस गोळ्या नाहीत? का?"

"मी विसरले," अपेक्षा पटकन म्हणाली.

"खोटं नगं बोलू," आवडाबाई म्हणाल्या. "डॉक्टर, पोर रोज मागत हुती. म्या दिल्या न्हाईत."

थुंकी पुन्हा तपासायला गेली आहे. उपचार लांबेल का, औषधं बदलावी लागतील का, हे आज कुणालाच ठाऊक नाही. चाकातली हवा मामांनी दोन मिनिटांत भरली, पण ते सात दिवस कुठल्याच पंपानं भरून येत नाहीत. म्हणून हात जोडून सांगते, चमत्कार दिसला की डोकं टेकवायच्या आधी कापड उचलून बघा. आणि औषधाचा प्रश्न डॉक्टरलाच विचारा.