हैबतरावांच्या वावरातली तार

मित्रांनो, माझे वय अवघी चार वर्षे, तरी नेरे गावात मला आता जुना ड्रोन म्हणतात. सहा हात, पोटाला दहा लिटरची टाकी आणि बॅटरी भरली की दहा-बारा मिनिटांचे उड्डाण. पिकावर औषध फवारणे हे माझे काम. भाताच्या शेंड्यांवरून पुरुषभर उंचीनेच मला उडावे लागते, कारण त्याहून वर गेलो तर औषध वाऱ्याने शेजारच्या वावरात जाते. धोका आहे तो याच उंचीत. विमानाला आकाश मोकळे असते. माझ्या वाटेत झाडे, खांब आणि माणसे येतात.

मला चालवते ती रेश्मा. बचत गटातून ती प्रशिक्षण घेऊन आली, तेव्हा गावातल्या जाणत्यांनी नाके मुरडली. पण पाठीवरच्या पंपाने दिवसभर चालणारे काम मी तासाभरात उरकू लागलो, तसे तेच लोक तिच्या दारात नंबर लावू लागले. मुले माझे फोटो काढत. मला फार बरे वाटे.

गेल्या वर्षी भात पोटरीत आला, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या, तेव्हा हैबतरावांनी आम्हाला बोलावले. उडवण्याआधी वावराला पायी फेरी मारायची, हा रेश्माचा नेम. त्या सकाळी ती निघाली, तर हैबतराव म्हणाले, "अगं, मागल्या साली तूच फवारलंस की. वावर काय बदलतंय व्हय? वारं सुटायच्या आत उरक."

रेश्मा थांबली. तिने मागल्या वर्षीचाच नकाशा मला लावला.

वावर बदलले होते. उन्हाळ्यात हैबतरावांनी बांधालगत भाड्याच्या पाच खोल्या बांधल्या होत्या आणि त्यांच्या विजेची काळी तार कोपऱ्यावरून तिरकी ओढली होती. इतकी बारीक तार मला दिसत नाही. तिसऱ्या फेरीला माझा हात तिच्यात अडकला आणि मी गरगरत बांधापलीकडे कोसळलो. तिथे शेरडे राखणारी राजाबाई वाकून गवत कापत होती.

माझे पाते तिच्या हाताला लागले. टाकी फुटून औषध तिच्या अंगावर सांडले. रेश्मा धावत आली. तिने पाण्याचा कॅन राजाबाईवर ओतला, जखम ओढणीने आवळली आणि औषधाची बाटली सोबत घेऊन तिला दवाखान्यात नेले. राजाबाई वाचली. दोन बोटे मात्र आजही वळत नाहीत.

गटाच्या बायका चौकशीला जमल्या. हैबतराव म्हणाले, "यंत्रच बिघडलं." मला वाटले, रेश्माही तेच म्हणेल. मला कुठे तोंड आहे?

ती म्हणाली, "यंत्र चांगलं हाय. फेरी मी मारली न्हाई."

हैबतरावांनी मान खाली घातली. "तारंचं मीच बोललो न्हाई," ते हळूच म्हणाले.

पुढे दोन महिने मी कोठीत पडून होतो. एके दिवशी राजाबाईच दारात आली. "असंच गंजवतीस व्हय ह्याला?"

"हात लावायची भीती वाटती, मावशी."

"वाटू दे. कुटं नवी तार आली, कुटं खांब रोवला, मला समदं ठावं हाय. शेरडांमागं रोज तितंच फिरते. आदी मला इचारत जा. आन् उडवायच्या आदी हाळी मार, म्हंजी बाया बाजूला हुत्याल."

रेश्माने मला दुरुस्त करून घेतले, आणि आता राजाबाईला विचारून, वावराला फेरी मारून, हाळी देऊनच ती मला उडवते.

मित्रांनो, मी उडत असताना माझ्याखाली धावत येऊ नका. आणि तुमच्या शेतावरून नवी तार गेली असेल, तर फवारणाऱ्याला आधी सांगा. तेवढे एक वाक्य वेळेवर बोललात, तर कुणाची तरी बोटे शाबूत राहतील.