राहीच्या पाठीवरचा भोवरा

बैलाच्या अंगावरचा केसांचा भोवरा पाहून मालकाचं नशीब सांगावं, तर नाथाजीनंच. माणदेशात खिलार घेणारा माणूस आधी नाथाजीला बोलवायचा आणि मग बैलाचे दात बघायचा. नाथाजीनं पारखलेल्या एका बैलानं म्हणे झोपलेल्या मालकाला गाडीसकट भर पुरातून पैलतीरी नेलं आणि शिंगानं ढोसून उठवून वैरण मागितली. ही गोष्ट नाथाजीनं इतक्यांदा सांगितली, की शेवटी तो बैलही तिच्यावर विश्वास ठेवूनच मेला.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपून त्याचा मुलगा लालासाहेब पलटणीतून घरी आला, तेव्हा दारात असलीच एक गोष्ट तयार होती. तो गेला तेव्हा त्याच्या बायकोच्या, बनुबाईच्या पोटात असलेली त्याची लेक राही आता अंगणात चिंचोके मांडत होती. तिच्या कमरेच्या मणक्यावर काळ्याभोर केसांचा झुबका होता, शिंगराच्या आयाळीसारखा.

"भोवरा हाय, राजलक्षण!" नाथाजी म्हणाला. "चुलीपाशी पोरीनं पेटत्या इंगळावर पाय ठिवला, लाला, पर डोळ्यात टिपूस न्हाई. देवी हाय तिच्या अंगात. परवा जत्रंत इंगळाच्या चरातनं सगळ्यांच्या म्होरं आपली राही चालनार. नवस बोललोय म्या."

"टाचंचा घाव भरंना झालाय," बनुबाई हळूच म्हणाली. "आन् डावा पाय वढती."

लालासाहेब पायाला गुंडाळलेल्या फौजी पट्ट्या सोडत राहिला. परत आल्यापासून त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. सकाळी बायको गळ्यात पडून रडली, तेव्हा तो तिच्या खांद्यावरून गोठ्याकडे बघत उभा होता.

इटलीतल्या इस्पितळात त्याच्या शेजारच्या खाटेवर शिराळ्याचा गुंडा नावाचा शिपाई होता. मणक्यात गोळी बसलेली. शेकायच्या बाटलीनं पायाला फोड आले, तरी गडी खुशाल पत्ते पिसत होता.

लालासाहेबानं कुंपणाचा बाभळीचा काटा मोडला आणि राहीच्या तळव्याला टोचला. राही चिंचोके मोजत राहिली. घोट्याला टोचला. मोजत राहिली. मांडीला टोचला, तशी ती किंचाळून आईकडे सरपटली.

"देवी मांडीच्या खाली ऱ्हाती व्हय, आबा?" तो म्हणाला. आवाज चढला नाही की उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी मोटारीनं त्यांनी सांगली गाठली. डॉक्टरला खरा भोवरा कसा असतो ते दाखवायचं, म्हणून नाथाजीही बरोबर निघाला. डॉक्टरांनी पाठीचा फोटो काढून उजेडापुढं धरला.

"पोटात असतानाच मणक्याच्या आतली दोरी दुभंगलीय. मध्ये हाडाचा काटा आहे. मूल वाढतं तशी दोरी ताणली जाते आणि पाय बधिर होत जातात."

"आन् भोवरा?" नाथाजीनं विचारलं.

"आत बिघाड आहे, म्हणून वर केस आलेत, बाबा."

नाथाजीनं टोपी काढली, पुन्हा घातली.

"मुंबईला नेऊन ऑपरेशन करता येईल," डॉक्टर म्हणाले. "गेलेलं परत येणार नाही. उरलेलं कदाचित टिकेल. नाही केलं, तर चालणं जाईल."

"नेतो," लालासाहेब म्हणाला. पावसाचं विचारल्यावर 'पडंल' म्हणावं, तसा.

जत्रेला सगळा गाव निखाऱ्यांच्या चराभोवती जमला. इंगळ लालबुंद फुलले होते. कुणी ओरडलं, "आवं नाथाजीबा, देवी कुठाय?"

राही बापाच्या कडेवर होती. नाथाजीनं तिच्याकडे पाहिलं आणि वहाणा काढल्या.

"नवस म्या बोललो. पोरीनं न्हाई."

दुसरे लोक झपझप जातात. नाथाजी म्हातारा, शिवाय गुडघे धरलेले. मध्यावर त्यानं अशी बोंब ठोकली, की गोठ्यातल्या बैलांनी दावी तोडली म्हणतात.

"म्हातारं लय कोकलतंय की रं!" पोरंटोरं हसली.

"कोकलनारच! भाजतंय की, भाड्यांनो!"

घरी लालासाहेब बापाचे पाय परातीत घेऊन पाणी ओतत बसला. पलीकडं बनुबाई मुंबईचं गाठोडं बांधत होती. राही सरकत आली आणि आजोबाच्या तळव्यावरचा फोड बोटानं दाबून बघू लागली. नाथाजी कळवळला.

"आज्या, का वरडतूस?"

"भाजलंय गं, बाय."

"भाजलं म्हंजी?"

नाथाजीनं तिच्या टाचेवरच्या घावाला बोट लावलं. त्यानं लालासाहेबाकडे पाहिलं. लालासाहेब पाणी ओतत राहिला. परात कधीच भरली होती आणि पाणी जमिनीवरून राहीच्या पायांखाली गेलं होतं; ते ना त्याला कळलं, ना तिला.